“तू जरा भावाकडे बघ”: बालसंग्रहालयातल्या दोन भेटी

पावणेतीन वर्षांचा धाकटा पाण्याच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून रडत होता. मी त्याची बोटं एकेक करून सोडवत होते. सहा वर्षांची थोरली त्याचे ओले बूट हातात घेऊन मागे उभी होती. मुलांसाठीच्या, हात लावून बघायच्या संग्रहालयातली आमची पहिली भेट अशी संपली.

घरी येताना थोरली गप्प होती. रात्री अंथरुणावर मी तिला विचारलं, “तुला काय आवडलं गं तिथलं?” तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “मी काय बघितलं तेच मला आठवत नाहीये, आई.”

धाकट्याच्या रडण्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. त्या वयाची मुलं रडतात. या वाक्याने मात्र माझी झोप उडाली. दोन तास दहा मिनिटं आम्ही तिथे होतो, आठही दालनं पाहिली होती, आणि सहा वर्षांच्या हुशार, बोलक्या मुलीला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. हे कसं झालं ते मी पुढचे काही दिवस शोधत होते. जे सापडलं ते लिहून ठेवते आहे, कारण मला वाटतं अशा ठिकाणी दोन लहान मुलं घेऊन जाणाऱ्या बऱ्याच घरांत हेच होत असेल आणि ते लक्षात येत नसेल.

पहिली भेट

तयारी मी मन लावून केली होती. संग्रहालयाचा नकाशा आधीच पाहून दालनांचा क्रम ठरवला होता: पाणी, हवा, ठोकळे, सावल्या, आरसे, दवाखाना-दवाखाना खेळायचा कोपरा, दोरांची जाळी, आवाजाच्या नळ्या. प्रत्येकाला पंधरा मिनिटं. सुट्टीचा दिवस, सकाळी अकराची वेळ. मुलांचे बाबा फोनवर व्हिडिओ घेणार आणि मी मुलांना सगळं दाखवणार, अशी आमची वाटणी होती.

पहिल्याच दालनात क्रम बिघडला. पाण्याचं टेबल लांबलचक होतं. एका टोकाकडून पाणी वाहत येत होतं, मध्ये बांध घालायला फळ्या होत्या, सोडायला होड्या आणि भरायला पेले. धाकटा तिथे पोहोचला आणि बाकी सगळं विसरला. पेला भरायचा आणि एका भोकात ओतायचा. परत भरायचा, परत त्याच भोकात. मी त्याला होडी दाखवली, फळी लावून पाणी कसं अडतं ते दाखवलं. त्याने बघितलं आणि पुन्हा पेला उचलला. पंधरा मिनिटं झाल्यावर मी त्याला उचलून पुढच्या दालनात नेलं, तर तो पळत मागे आला. असं चार वेळा झालं. मधल्या वेळात थोरली कुठे होती, असं कुणी तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ती खेळत होती.

मोठ्या माणसांच्या संग्रहालयात येणारा थकवा जुना आहे. बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली त्यावर लेख लिहिला होता. कपाटांतल्या वस्तू नीट दिसाव्यात म्हणून माणसाला किती वाकावं, किती उकिडवं बसावं लागतं हे त्यांनी एका माणसाचे फोटो काढून दाखवलं होतं. मुलांच्या संग्रहालयात वस्तू मुलांच्या उंचीला असतात, त्यामुळे वाकण्याचा त्रास मोठ्यांच्या वाट्याला येतो. मुलं दमतात ती दुसऱ्याच गोष्टींनी: आवाज, गर्दी, पाळीची वाट बघणं, आणि खेळ रंगात आला की उठवलं जाणं. हे शेवटचं सगळ्यात जास्त दमवतं असं मला आता वाटतं, आणि आठ दालनांच्या हिशेबाने मी ते मुलांना आठ वेळा करायला लावलं होतं.

या जागा ज्यांनी घडवल्या त्यांची धडपड आठवली की हे जास्त लागतं. मुलांसाठीचं पहिलं संग्रहालय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८९९ साली सुरू झालं. बॉस्टनचं १९१३ साली, विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पुढाकाराने. तिथे १९६२ साली मायकेल स्पॉक संचालक झाले आणि वस्तू काचेच्या कपाटांतून बाहेर, मुलांच्या हातांत आल्या. फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडलं. तिथे बघणाऱ्याने स्वतः काहीतरी फिरवल्या-ढकलल्याशिवाय मांडणी पुरी होत नाही. फिलाडेल्फियात १९७६ साली अगदी लहान मुलांसाठी संग्रहालय निघालं, त्याचं नावच ‘प्लीज टच म्युझियम’, म्हणजे कृपया हात लावा. मूल आणि वस्तू यांच्यामध्ये कुणी नको, एवढ्यासाठी या माणसांनी इतकं केलं. आमच्या भेटीत मध्ये मी उभी होते.

व्हिडिओत काय होतं

फोनवर सात तुकडे होते, सगळे मिळून नऊ मिनिटांचे. मी ते आधी कौतुकाने पाहिले. थोरलीचं वाक्य ऐकल्यावर पुन्हा पाहायला बसले, या वेळी चित्राकडे न बघता फक्त माझा आवाज ऐकत. वही घेऊन माझी वाक्यं उतरवली.

धाकट्याशी: “बघ, पाणी अडलं! का अडलं? फळी लावली ना आपण.” “होडी का नाही बुडत, माहितीये? आत हवा आहे तिच्या.” “वर टाक, वर. हवा ढकलते बघ त्याला.”

थोरलीशी: “तू जरा भावाकडे बघ, मी आलेच.” “त्याला पण दे.” “हळू.” “झालं का तुझं?” “चल, पुढे जायचंय.”

कारण सांगणारी किंवा कारण विचारणारी वाक्यं मी मोजली. मुलाच्या वाट्याला अकरा, मुलीच्या वाट्याला दोन. आणि मुलगा पावणेतीन वर्षांचा! हवा, तरंगणं यातलं त्याला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. जिला कळलं असतं ती बाजूला बूट सांभाळत होती.

सात तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. धाकटा लहान म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष गेलं असेल, बाबांनी फोन त्याच्याकडेच जास्त धरला असेल. पण या विषयावर खरंच अभ्यास झालेला आहे, आणि तोही मुलांच्या संग्रहालयातच. केव्हिन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका बालसंग्रहालयात, विज्ञानाच्या मांडण्यांपाशी आलेल्या कुटुंबांचं बोलणं टिपलं. अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. वस्तू कशी वापरायची आणि आता काय झालं ते बघ, हे आईवडील मुलग्यांना आणि मुलींना सारखंच सांगत होते. का झालं, हे समजावून सांगणं मात्र मुलग्यांच्या बाबतीत तिपटीने जास्त होतं. मुलं एक ते आठ वर्षांची होती. मुली प्रश्न विचारत नव्हत्या किंवा त्यांना रस नव्हता, असं काही त्यात निघालं नाही. बोलणं आईवडिलांकडूनच वेगळं होत होतं.

मी स्वतः विज्ञान शिकले आहे. मुलीला आणि मुलाला सारखंच वाढवते, असं मी मनापासून मानत होते. वहीतले ते दोन रकाने बघून मी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग बोलायचं की नाही?

इथे एक खरी अडचण आहे. तिचं सोपं उत्तर मला मिळालं नाही.

पहिला विचार असा आला की पुढच्या वेळी थोरलीला सगळं नीट समजावून सांगायचं. पण मग मला दुसरा एक अभ्यास आठवला, एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा, २०११ सालचा. त्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी एक मुद्दाम बनवलेलं खेळणं घेतलं होतं. त्याची एक नळी ओढली की आवाज यायचा. त्याशिवाय त्यात एक दिवा, संगीत आणि लपवलेला आरसा होता. काही मुलांना बाईंनी सांगून दाखवलं, ‘बघ, हे असं चालतं’, आणि नळी ओढली. इतर मुलांसमोर तीच नळी चुकून ओढली गेल्यासारखी ओढली, किंवा काहीच दाखवलं नाही. ज्यांना शिकवलं होतं ती मुलं त्या आवाजाशीच खेळत राहिली आणि खेळणं लवकर सोडून दिलं. बाकीची जास्त वेळ रमली आणि त्यांनी बाकीच्या गोष्टी जास्त शोधल्या.

मुलांचा विचार त्यांच्या बाजूने अगदी बरोबर आहे. जाणत्या माणसाने दाखवताना एकच गोष्ट दाखवली, म्हणजे दाखवण्यासारखी तेवढीच असणार. शिकवणारी व्यक्ती काही राखून ठेवत नसते, असा त्यांचा आपल्यावरचा विश्वास त्यात आहे. म्हणून तर तो विश्वास सांभाळून वापरायला हवा.

म्हणजे एक अभ्यास म्हणतो, मुलीशी कारणांबद्दल बोलत नाही आहात, बोला. दुसरा म्हणतो, आधीच दाखवू-शिकवू नका. माझ्या हातून दोन्ही चुका एकाच दिवशी झाल्या होत्या: धाकट्याला त्याने न विचारलेलं शिकवत होते आणि थोरलीशी त्या बाबतीत बोलतच नव्हते. बरेच दिवस घोळवल्यावर माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं: मुलाच्या हाताने काहीतरी होईपर्यंत गप्प. ते अडलं, चकित झालं किंवा त्याने विचारलं, की मात्र पूर्ण उत्तर, अर्धवट नाही. “मोठी झालीस की कळेल” तर मुळीच नाही.

दुसरी भेट

पाच आठवड्यांनी गेलो. आधी फोन करून विचारलं की शाळांचे गट कधी येतात, आणि ते निघून गेल्यानंतरची, दुपारची वेळ धरली. वार कामाचा होता, दोघांनाही अर्धी रजा टाकावी लागली. ती रजा सत्कारणी लागली असं मी खात्रीने सांगते. गर्दी नसली की पाळी नसते, आणि पाळी नसली की मोठ्या माणसाच्या तोंडून “झालं का तुझं?” निघत नाही.

वाटणी बदलली. बाबा धाकट्याबरोबर, मी थोरलीबरोबर, फोन पिशवीत. बाबांच्या पिशवीत धाकट्याच्या कपड्यांचे दोन जोड. मुलांच्या दंडावर आतल्या बाजूला पेनने फोन नंबर. थोरलीला सांगून ठेवलं होतं की चुकामूक झाली तर जिथे आहेस तिथेच थांब आणि गळ्यात संग्रहालयाचं ओळखपत्र असलेल्या माणसाला सांग. दालनांचा क्रम ठरवला नव्हता. थोरलीला नकाशा दिला आणि म्हटलं, “तू सांगशील तिकडे जाऊ.”

धाकटा अर्थातच पाण्यावर गेला, आणि पन्नास मिनिटं तिथेच होता. बाबा शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून राहिले. गप्प बसणं त्यांना जड गेलं, ते नंतर म्हणालेच. पेला भरणं आणि त्या भोकात ओतणं पुन्हा सुरू झालं. पहिल्या भेटीत मला ते नुसतं तेच-तेच वाटलं होतं. या वयाची मुलं एकच कृती किती तरी वेळा करतात, आणि प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी असते. बाबांनी सांगितलं ते असं: आधी भरलेला पेला, मग अर्धा, मग उंचावरून, मग डोळे मिटून. मग त्याने भोकावर तळहात ठेवला. पाणी शेजारून वर आलं. तो थबकला. हात काढला, पाणी गेलं. पुन्हा ठेवला. मी पहिल्या दिवशी फळी लावून जे दाखवायची घाई केली होती ते त्याने स्वतःच्या तळहाताने केलं. बाबा एवढंच म्हणाले, “आता?” आणि त्याने हात उचलून दाखवलं.

थोरली मला हवेच्या ब्लोअरपाशी घेऊन गेली. म्हणजे पहिल्या वेळी तिने ते पाहिलं होतं! भोकातून हवेचा झोत वर येतो आणि त्यावर हलका चेंडू अधांतरी तरंगतो. नळीचं तोंड हाताने तिरकं करता येतं. मी हात मागे बांधून उभी राहिले. तिने लहान चेंडू टाकला, मोठा टाकला, दोन एकदम टाकले. दोन एकमेकांवर आपटून उडाले, ते तिला फार आवडलं. सारख्याच आकाराचा जड चेंडू खाली, झोताच्या तोंडाजवळ तरंगतो आणि हलका वर जातो, हे तिने तीन-चार वेळा करून पाहिलं. मग तिने नळी तिरकी केली. चेंडू पडायला हवा होता. तो त्या तिरक्या झोतातच लटकून राहिला.

“आई, पडला का नाही?”

आता माझी वेळ होती. मी म्हटलं, “तुझा हात चेंडूच्या पलीकडे धर. आधी वर, मग जरा खाली. हवा कुठे लागते ते बघ.” तिने हात फिरवला. हवा चेंडूच्या वरच्या बाजूने जाते, पण सरळ पुढे निघून जात नाही. चेंडूच्या गोलाईला चिकटून थोडी खाली वळते. तिला ती खालच्या बाजूला लागली. मी सांगितलं, की चेंडू हवेला खाली वळवतो, आणि दुसऱ्याला ढकलणाऱ्यालाही उलट धक्का बसतोच. तू भिंत ढकलतेस तेव्हा मागे जातेस तसा. हवा खाली, म्हणून चेंडू वर. ती म्हणाली, “म्हणजे ते दोघं भांडतायत.” मी म्हटलं, हो, आणि सारख्याच जोराने. मग तिने नळी आणखी वाकवली, ते भांडण कुठे तुटतं ते शोधायला. चेंडू पडला. थोडी कमी वाकवली, राहिला. अर्धा तास आम्ही तिथे होतो. आमच्यात भावाचा विषय एकदाही निघाला नाही.

सगळंच जमलं असं नाही. सावल्यांच्या भिंतीपाशी माझ्या तोंडून निघून गेलं, “दिव्याजवळ गेलीस की सावली मोठी होते बघ.” ती दिव्याजवळ गेली, सावली मोठी झाली, “हो,” म्हणाली आणि तिथून निघाली. एका मिनिटात ते दालन संपलं. बोनाविट्झ यांचा खेळण्याचा प्रयोग माझ्या घरच्या माणसावरच मी करून पाहिला, असं वाटलं. तेवढी एक गोष्ट मी तिच्यासाठी शिल्लक ठेवली असती तर तिथेही तिला काहीतरी सापडलं असतं.

निघताना

निघण्यापूर्वी “अजून पाच मिनिटं” असं आपण मुलांना सांगतो. तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे काय हे माहीत नसतं, त्यामुळे पाच मिनिटांनी येणारा मोठा माणूस त्याच्या दृष्टीने अचानकच येतो. या वेळी बाबांनी वेळेऐवजी पेले मोजले. “आता शेवटचे तीन पेले. मग पेला जागेवर ठेवायचा.” एक, दोन, तीन त्याला येतात. त्याने तिसरा पेला फार हळू ओतला, शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहिला आणि पेला स्वतः ठेवला. हात धुवून बूट घालायच्या बाकावर आल्यावर मात्र तो रडला, दोन-तीन मिनिटं, बाबांच्या खांद्यावर. त्या रडण्यात पहिल्या दिवसाचा राग नव्हता. आवडती जागा सोडताना माणसाला वाईट वाटतंच.

थोरलीने सवयीने त्याचे बूट उचलले. बाबांनी ते तिच्या हातून घेतले.

एक गोष्ट राहते. दोन मुलं आणि बरोबर एकच मोठं माणूस असेल तर काय? आम्हाला अर्धी रजा टाकता आली, सगळ्यांना येईलच असं नाही. तिसऱ्यांदा मी एकटीच दोघांना घेऊन गेले तेव्हा थोरलीच्या आवडीच्या जागी आधी गेले आणि धाकट्याला तिथे कडेवर घेऊन उभी राहिले. उलट क्रम चालत नाही. धाकटा एकदा पाण्यात गुंतला की त्याला उठवणं म्हणजे ओढून काढणं, आणि तेव्हा थोरलीला थांबावं लागतं. तो पाण्यावर असताना ती शेजारी ठोकळ्यांवर होती, माझ्या नजरेच्या टप्प्यात. अर्धं लक्ष इकडे, अर्धं तिकडे. त्या दिवशी मी तिच्याशी कमी बोलले, हे मला माहीत आहे. पण “भावाकडे बघ” हे वाक्य गिळलं. दोनदा ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या भेटीनंतर रात्री मी तिला काही विचारलं नाही. तीच अंथरुणातून उठून कागद घेऊन आली. ‘भोकं असलेला चेंडू राहील का? ओला चेंडू राहील का? चौकोनी खोका?’ एवढं तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. मला म्हणाली, “तू सांगू नकोस हं.” तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. ओल्या चेंडूचं काय होतं ते तिसऱ्या भेटीत पाहून झालं, त्यावर तिने बरोबरची खूण केली आहे. बाकी दोन अजून राहिले आहेत.